अड्यारचा उन्हाळा कुणाला परवडतो?

रसायनशास्त्र घेतलेल्या मुलाचं किंवा मुलीचं पुढे काय होणार, हे बऱ्याचदा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात ठरून जातं. त्या उन्हाळ्यात काही मुलं दोन महिन्यांसाठी एखाद्या मोठ्या संशोधन संस्थेत जातात. तिथे खरं काम बघतात, फसलेला प्रयोग पुन्हा कसा लावायचा ते शिकतात, एखाद्या शास्त्रज्ञाच्या ओळखीची होतात आणि येताना शिफारसपत्राचं आश्वासन घेऊन येतात. बाकीची मुलं त्याच दोन महिन्यांत लग्नाच्या मांडवात वाढायला जातात, मोबाईलच्या दुकानात बसतात, वीटभट्टीवर हिशेब लिहितात, घरी भावंडं सांभाळतात. दोन-तीन वर्षांनी पीएच.डी.च्या मुलाखतीत दोघांनाही एकच प्रश्न येतो, ‘आधी कुठल्या लॅबमध्ये काम केलंय?’ एकाकडे उत्तर असतं, दुसऱ्याकडे नसतं. या फरकालाच पुढे मेरिट म्हणतात.

मी गेली बारा वर्षं दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवतो. माझे निम्म्याहून जास्त विद्यार्थी घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. मीही तसाच होतो. मला इथे उन्हाळी संशोधनाच्या त्या जागांबद्दल बोलायचं आहे ज्यांना विद्यावेतन मिळतं. त्यातही हरित किंवा शाश्वत म्हणतात त्या रसायनशास्त्रातल्या जागांबद्दल. कारण त्या विषयाशी आपल्यातल्या काही जातींचा संबंध विद्यापीठांपेक्षा फार जुना आहे. उदाहरण म्हणून चेन्नईतलं अड्यार घेतो.

अड्यार हा चेन्नईच्या दक्षिणेकडचा, अड्यार नदीच्या काठचा भाग. तिथल्या सरदार पटेल रोडवर केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. सगळे तिला सीएलआरआय म्हणतात. स्थापना १९४८ ची, सीएसआयआरच्या सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक. त्याच रस्त्यावर आयआयटी मद्रास, आणि अण्णा विद्यापीठ अगदी शेजारी. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका चालीच्या अंतरात इतकं काही मिळेल अशा जागा देशात फार नाहीत.

आपल्या लोकांसाठी अड्यारची आणखी एक ओळख आहे, ती महाराष्ट्रात फारशी कुणाला माहीत नसते. थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कॉट यांनी १८९४ साली इथेच अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढली. त्या वेळी तिकडे अस्पृश्यांना ‘पंचम’ म्हणत, म्हणून या शाळाही पंचम शाळा म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे १८९८ मध्ये पंडित अयोथी दास याच ऑल्कॉटच्या मदतीने श्रीलंकेला गेले आणि बौद्ध झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षं आधी. आणि याच रस्त्यावरच्या आयआयटीत मे २०१५ मध्ये आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता काढून घेतली गेली, देशभर आवाज उठल्यावर जूनमध्ये परत दिली गेली. तेव्हा अड्यारला जाणारं आपलं पोर काही परक्या मुलखात जात नाही. तिथे आपलं बरंच काही आधीच घडून गेलंय.

आता चामड्याकडे येतो.

माझे आजोबा कातडी कमवायचे. आम्ही ढोर समाजाचे, संत कक्कय्यांना मानणारे. आजोबांच्या कामाची पद्धत मी वडिलांकडून ऐकली आहे. मिठात राखलेलं कातडं आधी पाण्यात भिजवायचं, मग चुन्याच्या हौदात टाकायचं. केस सुटले की खरवडायचं, मांस काढायचं, चुना धुऊन टाकायचा. मग कातड्याची पिशवी शिवायची आणि आडव्या लाकडाला टांगायची. बाभळीची साल आणि हिरडा कुटून केलेलं पाणी तिच्यात भरायचं. ते पाणी कातड्यातून झिरपत खाली येतं, ते परत वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून दुसऱ्या बाजूने तेच. सगळं मिळून कित्येक आठवडे जायचे.

वर्गात हेच मी असं शिकवतो: साल आणि हिरडा यांच्यातली टॅनिनं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, त्यामुळे कातडं सडत नाही. पाणी खालून वर ओतत राहणं म्हणजे द्रावणाची तीव्रता हळूहळू वाढवत नेणं. आधीच कडक द्रावण घातलं तर वरचा थर बंद होतो आणि आतलं कातडं कच्चं राहतं. आजोबांना कोलॅजेन हा शब्द माहीत नव्हता. पण पहिलं पाणी पातळ का ठेवायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्या कातड्याची मोट व्हायची. विहिरीचं पाणी मोटेतून वर येऊन शेतात जायचं, त्यावर सगळ्या गावाचं पीक उभं राहायचं. मोटेचं कातडं कमावणाऱ्याला मात्र गावाच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती.

मग क्रोम आलं. १९०३ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये क्रोम टॅनिंगचे प्रयोग केले आणि ही पद्धत भारतात रुजली. आठवड्यांचं काम एका दिवसावर आलं. चामडं मऊ झालं, उष्णतेला टिकायला लागलं, निर्यातीला सोयीचं झालं. पण साध्या पद्धतीत घातलेल्या क्रोमियमपैकी साधारण ६० ते ७० टक्केच कातड्यात बसतं, उरलेलं सांडपाण्यात जातं. कच्चं कातडं टिकवायला त्याच्या वजनाच्या जवळपास ४० टक्के मीठ लागतं, तेही शेवटी पाण्यातच. आणि एक किलो कातड्यामागे ३० ते ४० लिटर पाणी. हे सगळं तामिळनाडूच्या वेल्लोर भागात, अंबूर, वानियंबाडी, राणीपेट या गावांतून पालार नदीत गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २८ ऑगस्ट १९९६ च्या निकालात न्यायालयाने ‘जो प्रदूषण करेल त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आणि सावधगिरीचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं आणि तिथल्या प्रत्येक टॅनरीला १० हजार रुपये दंड केला. पाहणी करणाऱ्यांत आपल्या नागपूरची नीरी होती. पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात हा खटला असतो. त्यात चामडं कोण कमावत होतं, हौदात कोण उतरत होतं, याबद्दल पुस्तकात काही नसतं.

अड्यारच्या संस्थेने या प्रश्नावर पुष्कळ काम केलंय. क्रोम टॅनिंगच्या टप्प्यात पाणीच न वापरण्याची पद्धत तिथे तयार झाली, तिच्यामुळे सांडपाण्यात जाणारं क्रोमियम खूप कमी होतं. चुना आणि सल्फाइडऐवजी एन्झाइमने केस काढायच्या पद्धतींवर तिथे वर्षानुवर्षं काम झालंय. आणि वनस्पतींची टॅनिनं पुन्हा संशोधनात आली आहेत: बाभूळ, हिरडा, तरवड. १९९८ मध्ये पॉल अॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं मांडली. त्यातलं सातवं म्हणतं की कच्चा माल शक्यतो पुन्हा उगवणारा असावा. बाभळीची साल म्हणजे तेच.

हे वाचून कुणी ‘आपले पूर्वज तर आधीपासूनच शाश्वत होते’ असं म्हणणार असेल, तर त्याने थांबावं. मला त्या हौदाचं गुणगान करायचं नाही. आजोबांच्या हातांची सालं चुन्याने सोललेली असायची, वास अंगातून जात नसे, आणि त्या वासावरून पोरांना शाळेत मागे बसवलं जायचं. जे काम जन्माने गळ्यात पडतं आणि सोडायची मुभा नसते त्याला परंपरा म्हणून मिरवणं ही ज्यांना ते करावं लागलं नाही त्यांची हौस आहे.

आमच्या समाजाच्या एका मेळाव्यात मी मुलांना अड्यारला पाठवण्याबद्दल बोललो, तेव्हा नात्यातले एक काका चिडले. ‘अरे, बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढायचं बंद करा म्हणून सांगितलं, आणि तू पोरांना परत कातड्यातच घालाय लागलास व्हय?’ काकांचा प्रश्न चुकीचा नाही. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून आपली सगळी चळवळ हेच सांगत आली की हे काम सोडा. जुलै २०१६ मध्ये उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या मुलांना गाडीला बांधून मारलं, त्यानंतर गुजरातेतल्या दलितांनी जनावरं उचलायचं नाकारलं. ते नाकारणं बरोबरच होतं.

मी काकांना म्हटलं, ‘काका, सोडायचं ते काम. त्यातलं ज्ञान का सोडायचं?’ हौदात उतरणं वेगळं आणि हौदात काय घालायचं हे ठरवणं वेगळं. पहिलं आपण हजार वर्षं केलं. दुसऱ्या खुर्चीवर आपण अजून मोजकेच आहोत. आणि जो त्या खुर्चीवर बसतो, तोच कशाला शाश्वत म्हणायचं हे ठरवतो. आज चामड्याचं शाश्वत असणं मोजायचं म्हटलं की क्रोमियम किती, पाणी किती, मीठ किती, हे मोजतात. मोजलंच पाहिजे. पण ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे राणीपेटच्या औद्योगिक वसाहतीत सांडपाणी शुद्ध करणाऱ्या सामाईक प्रकल्पाच्याच टाकीची भिंत फुटली आणि शेजारच्या टॅनरीत झोपलेले १० कामगार त्या गाळात मेले. पाणी स्वच्छ करायला उभारलेला प्रकल्प होता तो. टाकीतल्या गाळाजवळ माणसं का झोपतात, हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे असं कुणाला वाटेल? ज्याच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी झोपलंय, त्याला वाटेल. म्हणून तो त्या लॅबमध्ये हवा.

काका पटले असं म्हणणार नाही. पण त्यांची नात आता अकरावी सायन्सला आहे, आणि तिने कुठला विषय घ्यावा हे ते मला विचारतात.

आता पैशाचं. कारण शेवटी सगळं तिथेच अडतं.

बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी देशभरातल्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. दरमहा विद्यावेतन मिळतं, रेल्वेचं भाडंही मिळतं, आणि मार्गदर्शक देशातल्या कुठल्याही मोठ्या संस्थेतला असू शकतो. आयआयटी मद्रासची स्वतःची उन्हाळी फेलोशिप आहे. केंद्राची ‘इन्स्पायर’ योजनाही आहे. ती २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव टी. रामसामी होते, आणि ते त्याआधी दहा वर्षं अड्यारच्या याच चर्म संशोधन संस्थेचे संचालक होते. विज्ञानाच्या पदवीला असणाऱ्याला वर्षाला ८० हजार, त्यातले २० हजार खास उन्हाळी संशोधनासाठी, अशी तिची रचना. एका चर्म-रसायनशास्त्रज्ञाला हे सुचलं याचं मला कौतुक वाटतं. उन्हाळ्याचा खर्च वेगळा धरला पाहिजे, हे आपल्या धोरणांत फार कमी जणांना सुचलंय.

पण दाराची उंची बघा. इन्स्पायरला बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात यावं लागतं, किंवा मोठ्या प्रवेशपरीक्षेत क्रमांक लागतो. म्हणजे ज्याने लातूर-कोट्याला क्लासचे पैसे भरले, त्यालाच पुढे उन्हाळ्याचे पैसे. बाकी फेलोशिपना गुण, क्रमांक, शिफारसपत्र, आणि तुम्हाला काय संशोधन करायचंय याचा इंग्रजीतला मजकूर. शिफारसपत्र देणारा मी. माझं नाव अड्यारमध्ये कुणाला माहीत आहे? मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजच्या प्राध्यापकाचं पत्र आणि माझं पत्र एकाच टेबलावर पडतं तेव्हा काय होतं, ते मी पाहिलेलं नाही, पण निकाल बघतो.

निवड झाली तरी पुढचं गणित असतंच. विद्यावेतन बऱ्याच ठिकाणी काम संपल्यावर मिळतं. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून. तिकीट, खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, लॅबमध्ये लागणारे बूट. माझी एक विद्यार्थिनी एका मोठ्या शहरातल्या संस्थेत अशीच निवडली गेली. आईने बचत गटातून महिन्याला दोन टक्के व्याजाने कर्ज काढलं. पोरीने काम चांगलं केलं, पण विद्यावेतन खात्यात यायला दिवाळी उजाडली. तोवर व्याज भरून झालं होतं, आणि त्या उन्हाळ्यात शेतमजुरीची तिची हजेरी बुडाली ती वेगळीच. पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीने फॉर्म भरला नाही. आईनेच नको म्हटलं. त्या आईला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही असं कुणी म्हणू नये. तिला हिशेब येतो.

वेळापत्रक हा दुसरा अडथळा. या जागा मे ते जुलैच्या असतात, आयआयटी आणि केंद्रीय विद्यापीठांच्या सुट्टीला धरून. आमच्या राज्य विद्यापीठांच्या परीक्षा मे संपेपर्यंत लांबतात, कधी जूनमध्ये जातात. मग मुलाने सेमिस्टरचा पेपर सोडायचा की फेलोशिप? याचं उत्तर कुणाकडे नसतं, कारण दोन्ही कार्यालयांना वाटतं की तारखा दुसऱ्याने बदलाव्यात. आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आणले आहेत. ज्याची कुठे ओळख नाही तो पैसे देऊन इंटर्नशिपचं प्रमाणपत्र विकत घेतो. अशी दुकानं आमच्या तालुक्यापर्यंत आली आहेत. काही सरकारी प्रयोगशाळांतही विद्यार्थ्याला पैसे मिळण्याऐवजी प्रशिक्षणाचं शुल्क त्यालाच भरावं लागतं. बिनपगारी इंटर्नशिपला लोक ‘अनुभव मिळतो ना’ म्हणतात. तो अनुभव विकत घ्यायची ऐपत कुणाची, एवढंच मला विचारायचंय.

बाबासाहेबांची गोष्ट आपण सगळे सांगतो, पण तिच्यातला पैशाचा तपशील गाळतो. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती जगण्याच्या खर्चासाठी होती: खोली, जेवण, पुस्तकं. त्यावर कोलंबिया विद्यापीठ झालं. आणि मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. परत जायला १९२० उजाडलं. बुद्धी तीच होती, मधली तीन वर्षं पैसे नव्हते. बाबासाहेबांच्या बाबतीत जे झालं ते आमच्या तालुक्यातल्या मुलीच्या बाबतीत होऊ शकतं, हे मानायला फार विद्वत्ता लागत नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यानंतर मी या विषयाकडे वेगळं बघायला लागलो. फॉर्ममध्ये ‘या विषयात तुम्हाला रस का’ असा रकाना असतो. मुलं तिथे गुगलवरून उचललेलं लिहितात: मी कष्टाळू आहे, मला देशाची सेवा करायची आहे. एका मुलाला मी म्हटलं, ‘तुझ्या आजोबांनी साल कशी कुटली, पाणी कसं ओतलं ते लिही. ते वाचून कुणीही शास्त्रज्ञ खुर्चीत सरसावून बसेल.’ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, ते लिहिलं तर जात कळेल.’ त्याने पाणी शुद्धीकरणावर लिहिलं. चांगलं लिहिलं. मी आग्रह धरला नाही. तिथे दोन महिने राहायचं त्याला होतं, मेसमध्ये कुणाच्या शेजारी बसायचं हे त्याला बघायचं होतं. एखाद्या ब्राह्मण मुलाने ‘माझे आजोबा वैद्य होते, घरात काढे व्हायचे’ असं लिहिलं तर ते वारसा म्हणून वाचलं जातं. आमच्या मुलाने ‘माझे आजोबा कातडी कमवायचे’ लिहिलं तर ते काय म्हणून वाचलं जाईल, याची त्याला खात्री नाही. वनस्पती-टॅनिनवर संशोधन करणाऱ्या लॅबसाठी त्याच्याइतका योग्य उमेदवार शोधून सापडला नसता. आणि त्याला तेच लपवावं लागलं.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं, तेव्हा मालकी कुणाची यावर पानंच्या पानं लिहिली गेली. अभिमान सगळ्यांना वाटला, अगदी ज्यांच्या घरात चांभाराला ओसरीवर चढू दिलं नसेल त्यांनाही. पण त्या चपलेचं चामडं झाडाच्या सालीवर कमावतात, ते कमावणारे किती उरले, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर त्यांना कातडं कुठून मिळतं, आणि त्यांच्या मुलांपैकी कुणी चर्म-रसायनशास्त्र शिकतंय का, हे विचारणारे थोडेच होते.

यावर काय करता येईल? मोठ्या घोषणांची मला आता भीती वाटते, म्हणून छोटंच मागतो. निवडीचं पत्र येईल त्याच दिवशी पहिल्या महिन्याचं विद्यावेतन आणि तिकिटाचे पैसे खात्यात यावेत. बाकी काही झालं नाही आणि एवढंच झालं तरी फॉर्म भरणारी मुलं बदलतील. वसतिगृहाची खोली फेलोशिपमध्येच धरलेली असावी. मुलींच्या बाबतीत तर ही अट आईवडिलांच्या होकारासाठीच लागते. राज्य विद्यापीठांच्या मुलांसाठी काही जागा जून-जुलैला सुरू होणाऱ्या ठेवाव्यात. आणि पैसा नाही असं कुणी सांगू नये. केंद्राच्या मोठ्या खात्यांना अनुसूचित जातींच्या विकासासाठी निधीचा वाटा बाजूला काढावा लागतो, विज्ञान-तंत्रज्ञान खात्यालाही. आपल्याकडे पुण्याची बार्टी आहे. चर्मकारांसाठी १९७४ पासून काम करणारं लिडकॉम महामंडळ आहे. लिडकॉम कर्ज देतं, गटई कामगारांना स्टॉल देतं. ते द्यावंच. पण बार्टी आणि लिडकॉमने मिळून दरवर्षी ढोर, चांभार, होलार, मांग, महार समाजातल्या पन्नास बी.एस्सी.च्या मुलामुलींचा अड्यारचा उन्हाळा उचलला, तर दोन्ही संस्थांच्या अंदाजपत्रकात तो खर्च दिसणारसुद्धा नाही. संत रोहिदासांच्या नावाच्या महामंडळाने टपरीच्या जोडीला लॅबही द्यावी, एवढंच म्हणणं आहे.

‘आर्थिक निकष लावा, जात कशाला?’ असं कुणीतरी म्हणेलच. गरीब मुलांना मदत मिळावीच, माझ्या वर्गात सगळ्या जातींची गरीब मुलं आहेत. पण गरीब मराठा किंवा गरीब ब्राह्मण मुलाला आजोबांचं काम फॉर्ममधून खोडावं लागत नाही.

हे सगळं होईल तेव्हा होईल. या वर्षीच्या मुलांना पुढच्या उन्हाळ्यात जायचंय. अकादम्यांचे फॉर्म दिवाळीच्या आसपास असतात, तेव्हा तुमच्या ओळखीत बी.एस्सी.ला कुणी असेल तर आत्ताच सांगा, मार्चमध्ये कळून उपयोग नाही. मजकूर इंग्रजीत नीट लिहून द्यायला दोन संध्याकाळी लागतात. तुम्ही इंग्रजीतून पदवी घेतली असेल तर त्या दोन संध्याकाळी द्या. पोर जसं बोललं तसंच लिहा, गुगलचं नको. तुमच्या गावातल्या पतसंस्थेला, कर्मचारी संघटनेला विचारून बघा, निवड झालेल्या एका मुलाला बिनव्याजी आगाऊ रक्कम देतील का. विद्यावेतन आलं की ते परत करतं. आमच्याकडे सहा जणांनी असं केलंय, सगळ्यांनी परत केलंय.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी काही जण चेन्नईत आयटीत नोकरीला असाल, वेळाचेरीला नाहीतर जुन्या महाबलीपुरम रोडवर खोली घेऊन राहत असाल. सोलापूरहून चेन्नईला थेट गाडी आहे. स्टेशनवर उतरलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिले आठ-दहा दिवस, खोली मिळेपर्यंत, तुमच्याकडे एक चटई टाकायला जागा असेल तर कळवा. जेवणाचं ती आपलं आपण बघतील.